धुऱ्यापलीकडचं रान

धाकटा भाऊ अमेरिकेचा नागरिक झाला, तेव्हा आईनं पुसेगावात घरोघर पेढे वाटले. वडील गेले आणि त्याच्या त्या पासपोर्टाची दुसरी बाजू मला कळली. जुनं घर विकण्यासाठी पुसेगाव–सेनगाव–हिंगोली अशा खेपा घालताना जे शिकलो, ते इथं सांगतो.

१. आधी वारसाची नोंद. ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर आणि सातबारावर वडिलांचंच नाव होतं, तरी आम्ही घराचा विसार घेतला. तो परत करावा लागला. फेरफाराची नोटीस, हरकतीचे १५ दिवस, मंडळ अधिकाऱ्याची मंजुरी, हे सगळं अगोदर. बहिणींची नावंही त्यातच लागतात. त्यांना मी सगळ्यांत शेवटी विचारलं, याचं मला आजही वाईट वाटतं.

२. परदेशी नागरिक झालेल्या आपल्या माणसाला शेत वारसानं मिळतं, विकत घेता येत नाही. भाऊ म्हणाला होता, "दादा, शेतातला तुझा हिस्सा बाहेर कुणाला देऊ नकोस, मीच घेतो." परकीय चलनाच्या फेमा कायद्यात ते बसत नाही. अशा मूळच्या भारतीयांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डावर घर, फ्लॅट, दुकान घेता येतं. शेतजमीन आणि फार्महाऊस नाही, बक्षीसपत्रानंसुद्धा नाही. भारतीय पासपोर्ट ठेवून परदेशात राहणाऱ्यालाही हाच नियम. ज्या धुऱ्यावर आम्ही दोघांनी बोरं वेचली, त्याच्या पलीकडचं रान तो घेऊ शकत नाही, हे फोनवर सांगताना माझा गळा दाटला. त्याला स्वतःचा हिस्सा विकायचा झाला, तरी घेणारा भारतात राहणारा भारतीय नागरिकच हवा. शिवाय आपल्या मराठवाड्यात १९५० चा हैदराबादचा कूळकायदा आहे, म्हणून तो शेतकरीही हवा.

३. भावानं विक्रीसाठी तिकडून पाठवायच्या मुखत्यारपत्रावर अपोस्टील (तिकडच्या सरकारचा प्रमाणन-दाखला) हवं, नाहीतर भारतीय वकिलातीची साक्षांकनाची मोहोर. पहिलं पत्र नुसत्या तिकडच्या नोटरीचं आलं, ते चाललं नाही. दुसरं नीट होतं, पण पेरणीच्या गडबडीत मी ते कपाटात ठेवलं. भारतात पोचल्यापासून ३ महिन्यांत मुद्रांक भरायचा असतो. ती मुदत गेली आणि तिसऱ्यांदा सगळं करावं लागलं. आता असा लिफाफा आला की त्यावर मी आधी तारीख टाकतो. पत्रात मालमत्ता क्रमांक आणि चतुःसीमा लिहा. 'सर्व अधिकार' एवढ्यावर भागवू नका.

४. विकणारा अनिवासी असला की घेणाऱ्यानं कापायचा कर नेहमीचा १ टक्का नसतो, बराच जास्त असतो. कमी कपातीचा दाखला आयकर खात्याकडून खरेदीखताआधीच काढावा.

५. विक्रीचे पैसे भावाच्या एनआरओ (अनिवासींच्या भारतातल्या) खात्यातच. तिथून वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत नेता येतात, सीएचा दाखला लागतो.

घर गेलं. शेतातला त्याचा हिस्सा आम्ही ठेवला. हळद मी लावतो. दिवाळीत तो आला, तेव्हा त्याच्या नावाचा सातबारा मी त्याच्या हातात दिला. तो कितीतरी वेळ गट नंबर वाचत बसला होता.