हायवेच्या उशाशी झोप, पंख्याने जाग

प्रश्न : आमचं घर सारोळ्यात, हायवेपासून हाकेच्या अंतरावर. रात्रभर नीरेच्या पुलावरून ट्रक धडधडत जातात, पण त्यांनी माझी झोप कधी मोडली नाही. मुलीने पुण्याहून जुळवून आणलेला कॉम्प्युटर मात्र रात्री चालू असला की दोनदा-तीनदा जाग येते. त्याचा पंखा मध्येच गप्प होतो आणि मध्येच मिक्सर लावल्यासारखा ओरडतो. ट्रकचा एवढा मोठा आवाज चालतो आणि वीतभर पंख्याचा चालत नाही, असं का? लाइटचं व्होल्टेज कमी-जास्त होतं म्हणून त्याचा वेग बदलतो का? दुकानदार पाण्याचा कूलर बसवा म्हणतो. बसवावा का?
– एक वाचक, सारोळे (ता. भोर)

उत्तर : तुमच्या पत्रातच निम्मं उत्तर आहे. ‘मध्येच गप्प, मध्येच मिक्सर.’ कानाला मोठ्या आवाजापेक्षा बदलणारा आवाज जास्त टोचतो. हायवेची घरघर रात्रभर साधारण एकाच पट्टीत चालते, आणि वर्षानुवर्षं तीच ऐकल्यावर मेंदू तिला हिशेबातून वजा करून टाकतो. गिरणीशेजारी राहणाऱ्या माणसाला गिरणी बंद पडली की जाग येते, तो हाच प्रकार. पंखा दर अर्ध्या मिनिटाला पट्टी बदलतो, त्यामुळे प्रत्येक वेळी मेंदू नव्याने कान टवकारतो. त्यात रात्री दोनच्या पुढे वाहनं विरळ होतात. दिवसभर हायवेच्या आवाजाखाली झाकलेला पंखा तेव्हा उघडा पडतो.

आवाजाच्या सरकारी नियमांत (हे 2000 सालचे) रहिवासी भागासाठी रात्री दहा ते सकाळी सहा 45 डेसिबलची मर्यादा आहे. चांगल्या पंख्याच्या खोक्यावर 20-25 डेसिबल छापलेलं असतं. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने तुमचा पंखा निर्दोष. पण झोप कायद्याने येत नाही.

व्होल्टेजची शंका रास्त आहे, कारण संध्याकाळी लाइट मंद झाला की छताचा जुना पंखा रेंगाळतो हे आपण डोळ्यांनी पाहतो. कॉम्प्युटरच्या पंख्याला मात्र भिंतीतली वीज थेट मिळतच नाही. मागच्या पेटीतला एसएमपीएस 230 व्होल्टचे 12 व्होल्ट करून देतो, आणि बाहेर 200 झाले तरी आत 12 च राहतात. हल्ली छतासाठी बीएलडीसी पंखे निघालेत, आयआयटी मुंबईच्या माजी विद्यार्थ्यांच्या ॲटमबर्ग कंपनीने ते आपल्याकडे घरोघरी नेले. साधा पंखा 75 वॉट खातो तिथे हे 28 च्या आसपास भागवतात. त्याच जातीची बिनब्रशची मोटर कॉम्प्युटरच्या पंख्यात अनेक वर्षांपासून बसते आहे. तेव्हा महावितरणला या एका बाबतीत सोडून द्या.

मग वेग बदलतो कशाने? प्रोसेसरच्या चिपमध्ये तापमान मोजणारा काटा असतो आणि मदरबोर्ड तो वाचून पंख्याला हुकूम देतो. गोम अशी की चिप नखाएवढी असते. मुलीने ब्राउझरमध्ये नवं पान उघडलं तरी ती एका सेकंदात 45 अंशांवरून 65 वर उडी मारते आणि दुसऱ्या सेकंदाला खाली येते. तिच्यावर बसवलेला ॲल्युमिनियमच्या पात्यांचा ठोकळा मात्र सावकाश तापतो. चुलीत जाळ भडकला म्हणून हंड्यातलं पाणी लगेच उकळत नाही, तसं. पंख्याचं काम ठोकळा थंड करण्याचं आहे, आणि तो बघतो जाळाकडे. जाळ भडकला की धावतो, विझला की थांबतो. रात्रभर तुम्ही ऐकता ती हीच धावपळ.

यावरचा उपाय फुकट आहे आणि तो बायोसमध्ये आहे. कॉम्प्युटर सुरू होताना डिलीट किंवा एफ-2 दाबत राहा. आसुसच्या बोर्डावर क्यू-फॅन, गिगाबाइटच्या बोर्डावर स्मार्ट फॅन अशा नावाचा एक आलेख दिसेल. आडव्या रेषेवर तापमान, उभ्या रेषेवर पंख्याचा वेग टक्क्यांत. कारखान्यातून येतो तो आलेख घाबरट असतो. मी असा ठेवतो : 55 अंशांपर्यंत सपाट 35 टक्के, तिथून हळू चढत 75 अंशांना 60 टक्के, आणि 85 च्या पुढे पूर्ण वेग. महत्त्वाचा आहे तो डावीकडचा सपाट भाग. किरकोळ उड्या त्या सपाटीवरच विरून जातात. शेजारीच वेग बदलायला किती सेकंद थांबायचं हे विचारलेलं असतं, तिथे असेल तेवढी जास्त सवड द्या. 75-80 अंश हा आकडा बघून पोटात गोळा येईल, पण इंटेलच्या बहुतेक चिपा 100 अंशांच्या आसपास आणि रायझनच्या 95 च्या आसपास स्वतःच वेग आवरतात. काम चालू असताना 75 म्हणजे ताप नव्हे, घाम.

आलेख बदलूनही पंखा ऐकत नसेल तर त्याच्या वायरच्या पिना मोजा. चार पिना असतील तर हुकूम वेगळ्या तारेतून जातो, सेकंदाला 25 हजार ठोक्यांनी. आपला कान 20 हजारांपलीकडचं ऐकत नाही, म्हणून ती टिकटिक जाणवत नाही. तीन पिना असतील तर व्होल्टेज कमी करूनच वेग उतरवावा लागतो आणि बायोसमध्ये त्या पंख्यापुढे ‘डीसी’ निवडावं लागतं. ते ‘पीडब्ल्यूएम’वर राहिलं असेल तर तीन पिनांचा पंखा रात्रंदिवस पूर्ण वेगाने फिरतो आणि बोर्ड बिचारा हुकूम देत बसतो. निम्म्या तक्रारींचं मूळ मला इथे सापडलं आहे.

आता पंखा निवडण्याविषयी. घरातला छताचा पंखा बघा. 48 इंची पातं मिनिटाला साडेतीनशे फेरे मारतं आणि सगळ्या खोलीला वारा पुरवतं, तरी त्याच्याखाली पोरं झोपतात. तेवढाच वारा टेबलफॅनकडून काढायचा म्हटलं तर तो किंचाळेल. कॉम्प्युटरच्या पेटीतही हाच न्याय. एकाच घडणीचे पंखे घेतले तर 80 मिलिमीटरचा पंखा 2000 फेऱ्यांत जेवढी हवा हलवतो तेवढी 120 चा पंखा 600 फेऱ्यांत हलवतो. आणि वेग निम्मा केला तर हवा निम्मी होते पण आवाज साधारण 15 डेसिबलने उतरतो. 10 डेसिबल उतरले की कानाला आवाज निम्मा झाल्यासारखा वाटतो, यावरून अंदाज घ्या. त्याउलट एकाच्या जागी सारखे दोन पंखे लावले तर फक्त 3 डेसिबल वाढतात. म्हणजे एक पंखा धावडवण्यापेक्षा दोन रेंगाळणारे बरे.

‘हळू फिरला तर कॉम्प्युटर जळणार नाही का?’ हिशेब करू. आतून 100 वॉट उष्णता निघते आहे आणि पंखे तासाला 50 घनमीटर हवा बाहेर टाकताहेत, तर ती हवा आत आली त्यापेक्षा जेमतेम 6 अंशांनी गरम होऊन बाहेर पडेल. हवा निम्मी केली तर 12 अंश. एप्रिलमध्ये खोलीत 38 असेल तर पेटीतली हवा पन्नाशीला टेकेल. चिपला ते चालतं.

पुढून हवा घेणारा एक आणि मागून फेकणारा एक, असे 120 चे चार पिनांचे दोन पंखे घरच्या कामाला पुरतात. स्वारगेटला एसटीतून उतरून बुधवार पेठेत तपकीर गल्लीच्या बाजूला गेलात तर ते हजाराच्या आत एकेक मिळतील. दिव्यांच्या रंगीत माळेचे पैसे देऊ नका. खोक्यावर बेअरिंगचा प्रकार वाचा. ‘स्लीव्ह’ स्वस्त असतं, पण ते आडवं बसवलं तर लवकर झिजतं आणि मग कुरकुरतं. ‘फ्लुइड डायनॅमिक’ लिहिलेलं असेल तर दोनशे रुपये जास्त द्यायला हरकत नाही.

दोन पंखे लावल्यावर एक गंमत होते. एक 1200 फेऱ्यांवर आणि दुसरा 1180 वर असेल तर दोघांचा आवाज एकमेकांत मिसळून वूं...वूं...वूं असे सेकंदाला दोन हेलकावे ऐकू येतात. मिरजेचा कारागीर तंबोऱ्याच्या जोडाच्या तारा लावताना हेच हेलकावे ऐकत खुंटी पिळतो. ते थांबले की तारा जुळल्या. पंख्यांना खुंटी नसते, म्हणून उलट करायचं : एकाला 35 टक्के द्या आणि दुसऱ्याला 50, म्हणजे ते जवळ येतच नाहीत.

हे सगळं करण्याआधी मात्र पेटी उघडा. हे मी आधीच लिहायला हवं होतं. तुम्ही हायवेकाठी राहता, त्यात भोर तालुका भाताचा. दिवाळीच्या सुमारास मळणी झाली की तूस आणि भुसकट हवेत असतं. ते सगळं ओढून घ्यायला पंखा बसलेलाच आहे. दोन वर्षं न उघडलेल्या पेटीत ठोकळ्याच्या पात्यांवर गोधडीसारखा थर सापडतो. मग पंख्याने कितीही फुंकलं तरी हवा पात्यांत शिरत नाही. माझ्या स्वतःच्या कॉम्प्युटरने एका जूनमध्ये असाच आक्रोश सुरू केला. मागे बघतो तर जाळीच्या कोपऱ्यात कुंभारणीने मातीचं घर बांधलेलं, आत अळ्या भरून. मी महिनाभर आलेख बदलत बसलो होतो.

पेटी अंगणात किंवा ओट्यावर न्या, वायर काढून. रंगाचा नवा ब्रश घ्या आणि ब्लोअर. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो भिंगरीसारखा फिरतो आणि बेअरिंग जातं. एसएमपीएसची पेटी उघडू नका, वायर काढल्यावरही तिच्यात दणका देण्याएवढी वीज साठलेली असते. तिच्या जाळीतून बाहेरूनच फुंकर घाला. प्रोसेसरवरचा ठोकळा काढलात तर खालची सुकलेली पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि नवी लावा, तुरीच्या दाण्याएवढी, मधोमध. पसरायचं काम ठोकळा करतो.

कोणता पंखा ओरडतोय हे कळत नसेल तर वर्तमानपत्राची सुरळी करून एक टोक कानाला लावा आणि दुसरं एकेका पंख्याजवळ न्या. सूं असा वाऱ्याचा आवाज असेल तर वेग कमी केल्याने जाईल. खरखर असेल तर बेअरिंग गेलं, पंखाच बदला. आणि एकसुरी हुंकार असेल तर तो पंखा नाहीच, जुनी हार्ड डिस्क आहे. तिची तबकडी मिनिटाला 7200 फेरे घेते, आणि टेबल लाकडी पोकळ असेल तर त्याचा मृदंग होतो. जुन्या हवाई चपलेच्या रबराचे चार तुकडे कापून पेटीच्या पायांखाली ठेवा. सतरंजीची घडी मात्र ठेवू नका, पुष्कळ पेट्यांत एसएमपीएस खालून हवा घेतो आणि सतरंजी त्याचं नाक दाबते. टेबलाच्या बंद खणात पेटी कोंडली असेल किंवा वर क्रोशाचं कव्हर असेल तर तेही काढा. आपलीच गरम हवा परत आत ओढणारा पंखा कधीच शांत होणार नाही.

राहिला पाण्याचा कूलर. पाण्याने थंड करणं ही खोटी गोष्ट नाही. पाषाणला आयसर संस्थेत सी-डॅकने 2019 मध्ये उभारलेला परम ब्रह्म महासंगणक आहे, त्यात चिपांना टेकलेल्या पट्ट्यांतून पाणी खेळवून उष्णता काढून नेतात. तिथे एकेका कपाटात एवढी उष्णता दाटलेली असते की वाऱ्याला ती आवरत नाही. तुमच्या घरी प्रश्न तो नाही. पाण्याचा कूलर उष्णता चिपवरून उचलून पेटीच्या भिंतीवरच्या जाळीपर्यंत नेतो, आणि तिथून ती हवेत टाकायला पुन्हा पंखेच लागतात. वर एका पंपाची गुणगुण वाढते, आणि काही वर्षांनी पंप थकला की सगळा जोड बदलावा लागतो. मुलगी अगदी जाड प्रोसेसरवर तासन्‌तास काम करत असेल तर त्याचा उपयोग आहे. नाहीतर त्या पैशांत उभा मोठा हवेचा कूलर आणि दोन पंखे येऊन पुण्याचं एसटीचं भाडं सुटेल.

आणखी एक युक्ती मुलीला सांगून बघा. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा 100 ची 99 टक्के केली की बहुतेक यंत्रांत टर्बो बंद होतो. टर्बो म्हणजे थोड्या जास्त वेगासाठी भरमसाट उष्णता. पानं वाचायला, लिहायला, व्हिडिओ बघायला तो लागत नाही. रात्री 99 वर ठेवायचं आणि मोठं काम सकाळी 100 वर करून लावायचं. तुम्ही तेव्हा घरात नसालच, आणि हायवेही जोरात असेल.