चौथा खंड्या

ऑक्टोबर १८२४. कित्तूरच्या राणी चन्नम्मांशी झालेल्या लढाईत धारवाडचा कलेक्टर थॅकरे मारला गेला आणि त्याचा एक तरुण सहायक कैद झाला. वॉल्टर इलियट, वय २१. म्हणजे आत्ता माझं आहे तेवढंच!

सुटल्यावर त्याने या दक्षिण मराठा मुलखातल्या प्राण्यांची टिपणं केली. १८३९ मध्ये इथल्या सस्तन प्राण्यांची यादी त्याने मद्रासच्या नियतकालिकात छापली, स्थानिक नावांसकट. पक्ष्यांचं काम केलं सर्जन थॉमस जर्डनने. १८४३ ते १८४७ दरम्यान मद्रासला निघालेल्या त्याच्या पुस्तकात ५० चित्रं आहेत. ती काढली भारतीय चित्रकारांनी, आणि रंग हाताने भरलेले आहेत.

ही शिळाछपाईची रीत समजून घेऊ. चुनखडीच्या गुळगुळीत दगडावर तेलकट खडूने चित्र काढायचं. मग दगड ओला करायचा. कोरी जागा पाणी धरते, त्यामुळे शाई फक्त तेलकट रेघांना चिकटते. कागद दाबला की काळं चित्र उमटतं. रंग मात्र छापला जात नसे. नमुना-प्रत समोर ठेवून एकेक कागद कुंचल्याने रंगवावा लागे.

सोपं वाटतं ना? मलाही वाटलं. खंड्याच्या एका रेखाचित्राच्या दहा झेरॉक्स काढून मी रंगवायला बसले. चौथ्या कागदापर्यंत पाठीचा निळा चक्क हिरवट झाला, कारण नमुना सोडून मी आधीच्याच कागदाकडे बघत होते. आई म्हणाली, "हे चार वेगळे पक्षी आहेत का गं?"

तिचा प्रश्न अगदी शास्त्रीय होता. दूरच्या एखाद्या अभ्यासकाच्या हाती फक्त माझी चौथी प्रत पडली, तर तो हिरव्या पाठीचा खंड्या शोधत बसेल. म्हणजे रंगवणाऱ्याचा हात ही नुसती सजावट नव्हती, तो पुरावा होता.

तरी शीर्षकपानावर नाव एकट्या जर्डनचं. इथल्या कानडी 'गुलांडी'वरून एका उंदराला 'गोलुंडा' हे शास्त्रीय नाव मिळालं. चित्रकारांच्या नावांना तेवढंही भाग्य लाभलं नाही.

जुनं पक्षीचित्र दिसलं की आधी खालची कड बघा. तिथे बारीक अक्षरांत चित्र काढणाऱ्याचं, कधी छापणाऱ्याचंही नाव असतं. रंगवणाऱ्याचं जवळजवळ कधीच नसतं. म्हणून मग रंगाकडे जरा जास्त वेळ बघा.