दिल्लीचे मत आणि सोसायटीची वही

जामनेर तालुक्यात मार्च म्हणजे वसुलीचा महिना. गावच्या सोसायटीचा सचिव वही काखेत घेऊन घरोघर फिरतो. "दादा, पीककर्ज भरा. मार्चअखेर आली."

२०२४ साली याच महिन्यात, १६ तारखेला, लोकसभेची निवडणूक जाहीर झाली. आपला तालुका रावेर मतदारसंघात येतो. तेथे १३ मे रोजी मतदान झाले. म्हणजे वसुली आणि प्रचार एकदमच आले. अशा वेळी पारावर काय बोलणे होते, ते तुम्हांला ठाऊकच आहे.

"भरू नका हो. निवडणूक आहे. माफी होईल."

हे बोलणे अगदीच हवेतले नाही. १९८९ च्या निवडणुकीत माफीचे वचन दिले गेले. विश्वनाथ प्रताप सिंग पंतप्रधान झाले. १९९० साली दहा हजार रुपयांपर्यंतचे थकलेले शेतीकर्ज माफ झाले. पुढे २००९ ची निवडणूक जवळ आली. तेव्हा २००८ च्या अर्थसंकल्पात पुन्हा माफी आली. ज्याची जमीन दोन हेक्टर, म्हणजे सुमारे पाच एकर, त्याचे थकलेले कर्ज सगळे माफ. जमीन जास्त असेल तर थोडी सूट, तीही बाकीचे भरल्यावर.

आता सहा एकर कोरडवाहू कपाशी ही काही श्रीमंती नव्हे. पण कागदावर तो शेतकरी मोठा ठरला. आणि समजा, एखाद्याने घरधनिणीचे डोरले गहाण ठेवून वेळेवर कर्ज भरले होते. त्याला काहीच मिळाले नाही. त्याचा राग खोटा कसा म्हणावा?

पण वहीची दुसरी बाजूही पाहा. सोसायटीला पैसा जिल्हा बँकेकडून येतो. सभासद भरतात, तेव्हा सोसायटी बँकेत भरते. मग पेरणीला नवे कर्ज सुटते. निम्म्या गावाने हात आखडला, तर सोसायटीच थकते. ज्याने पै न् पै भरली, त्याचेही बियाणे अडते. १९९० नंतर भरण्याची सवय मोडली. सहकारी बँकांना ते फार दिवस भोवले.

शिवाय तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत भरले, तर व्याज पडत नाही. तो भार केंद्र आणि राज्य सरकार मिळून उचलतात. माफीची वाट पाहता पाहता मुदत गेली, की ही सवलतही गेली. थकबाकीदाराला सोसायटीच्या कमिटीवर बसता येत नाही, ते वेगळेच.

खरी पंचाईत होते सहकाराची बाजू मांडणाऱ्याची. "भरा" म्हणणारा चेअरमन गावाला वाईट दिसतो. त्यातून तोच एखाद्या पक्षाचा झेंडा घेऊन फिरत असेल, तर त्याने मते मागावी की वसुली? बहुतेक जण गप्प बसतात. मे महिन्यात गप्प बसलेला चेअरमन जूनमध्ये बँकेच्या दारात उभा असतो.

सहकार हा तसा राज्याचा विषय. तरी २०२१ च्या जुलैत केंद्राने वेगळे सहकार मंत्रालय काढले. गावोगावच्या सोसायट्यांचे हिशेब संगणकावर नेण्याची योजना २०२२ साली दिल्लीनेच मंजूर केली. तेव्हा दिल्लीला कोण जातो, याचा आपल्या वहीशी संबंध आहेच.

पुढच्या वेळी उमेदवार पारावर आला, की त्याला दोन गोष्टी विचारा. माफी दिली, तर सोसायटीचे पैसे किती दिवसांत भरून द्याल? आणि ज्याने वेळेवर भरले, त्याला काय?