घरासमोरील बर्फ आणि घरी जोडलेले यंत्र

आपल्यापैकी अनेकांचे नातेवाईक शिकागोकडे स्थायिक आहेत. तिथे घरासमोरच्या पदपथावरील बर्फ घरमालकानेच काढावा, असा नगरपालिकेचा नियम आहे. ताजा बर्फ हलका असतो, पण ओला, दबलेला बर्फ घनमीटरला तीन-चारशे किलो भरतो. फावड्याने उपसताना हृदयविकाराचा झटका आल्याची उदाहरणे दर हिवाळ्यात घडतात. म्हणून यंत्र.

कॅनडातील आर्थर सिकार यांनी १९२५ साली बर्फ फेकणारे मोठे यंत्र तयार केले. घरगुती यंत्रे दोन प्रकारची. लहानात एकच रबरी पाते बर्फ ओढते व तेच फेकते. थर पातळ असेल तर पुरे. मोठ्यात मळसूत्री लोखंडी पाते बर्फ गोळा करते आणि मागचा वेगवान पंखा तो लांब उडवतो.

हौशी कारागीर गवत कापण्याच्या यंत्राचे जुने इंजिन, पट्टा व पत्रा जोडून असे यंत्र घरीच बनवतात. चालतेही. पण पात्याच्या दांड्यावर मुद्दाम कमजोर पिन हवी. दगड अडकला की ती तुटते व गिअर वाचतो, विजेच्या फ्यूजसारखेच. तिथे पक्का बोल्ट ठोकणे म्हणजे पै वाचवून रुपया घालवणे! मूठ सोडताच पाते थांबवणारा खटकाही घरगुती यंत्रात बहुधा नसतो.

तोंडात बर्फ अडकल्यास इंजिन बंद करून काठीनेच काढावा. बंद यंत्रातही ताण उरतो, पाते अचानक फिरते आणि बोटे जातात. त्यापेक्षा इंजिन बिघडलेले जुने कारखानी यंत्र घेऊन त्याला दुसरे इंजिन बसवावे, हा सौदा मला बरा वाटतो.