आधीं नक्कल, मग मूळ

वरच्या वर्गांतील मुलांनीं केलेली एखाद्या गुरुजींची नक्कल तुम्ही आधीं पाहिली आणि मग ते गुरुजी प्रत्यक्ष शिकवावयास आले, तर काय होतें? त्यांचा पहिला शब्द ऐकतांच तुम्हांस हसूं फुटतें. त्यांत गुरुजींचा दोष नसतो. जुन्या थोर चित्रपटांचीहि आज हीच गत झाली आहे.

रशियन दिग्दर्शक सर्गेई आइझेन्स्टाइन यांचा 'बॅटलशिप पोटेम्किन' हा मूकपट १९२५ सालचा. पोटेम्किन या युद्धनौकेवरील खलाशांनीं १९०५ सालीं केलेलें बंड हा त्याचा विषय. त्यांत ओडेसा शहरांतील लांबलचक पायऱ्यांवरून शिपायांची रांग निःशस्त्र नागरिकांवर गोळ्या झाडीत खालीं उतरते. एक माता गोळी लागून कोसळते. तिच्या देहाचा धक्का लागतो, आणि तान्ह्या मुलाची बाबागाडी पायऱ्यांवरून एकटीच घरंगळूं लागते.

१९८७ सालीं ब्रायन डी पाल्मा यांनीं 'दि अनटचेबल्स' या चित्रपटांत ही बाबागाडी शिकागोच्या रेल्वे-स्थानकांत आणिली. तेथें गोळीबार चालू असतां एक सरकारी अंमलदार धांवत येऊन ती अडवितो, व मूल वांचतें. पुढें १९९४ सालच्या एका विनोदी चित्रपटानें तर एकाच वेळीं अनेक बाबागाड्या सोडून या प्रसंगाची थट्टा केली.

हे चित्रपट पाहून जो मूळ मूकपटाकडे वळतो, तो बाबागाडी दिसतांच हसतो, किंवा कोणी तरी ती अडवीलच अशा भरंवशानें स्वस्थ बसतो. परंतु अडविणारा हात येत नाहीं! हसूं ओठांवरच विरतें. १९२५ च्या प्रेक्षकास हा धक्का ठाऊक नव्हता. कारण त्याला सुटकेची आशा कोणी आधीं दाखविलीच नव्हती. अनुकरणानें मूळ दृश्याची नवलाई हिरावली, हें खरें; तथापि त्यांतील दुःख त्यानें अधिक तीव्रहि केलें.

मग नकला पाहूंच नयेत काय? तसें नव्हे. मात्र मूळ कृति पाहतांना मनाशीं दोन प्रश्न विचारावे: हें प्रथम कोणी केलें, आणि कशासाठीं केलें? डी पाल्मांची बाबागाडी आपणांस श्वास रोखावयास लावते. आइझेन्स्टाइनांची बाबागाडी निर्दय सत्तेविषयीं चीड उत्पन्न करते. हा भेद ज्यास दिसला, त्यास मूळ चित्रपट दिसला.

पहिल्या दिवसाचें हसूं ओसरलें, म्हणजे गुरुजींचें शिकविणें ऐकूं येऊं लागतें. जुन्या चित्रपटासहि आपण तेवढा अवधि दिला पाहिजे.