सुई लावली की गाठ पसरते?

प्रश्न : आईच्या यकृतात ३ सेंटिमीटरची गाठ आहे. सुईने तुकडा काढला की कॅन्सर पसरतो, असं नातेवाईक म्हणतात. काय करावं?
— एक भगिनी, अमळनेर

उत्तर : ताई, तो धोका फार थोडा, निदानाविना राहण्याचा कितीतरी मोठा. जागा बधिर करून, सोनोग्राफीच्या पडद्यावर टोक पाहत सुई गाठीत नेतात आणि शेवईएवढा बारीक तुकडा काढतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधीच सांगा. सिरॉसिस असल्यास बरेचदा तीन टप्प्यांच्या सीटी स्कॅनवरूनच निदान होतं. कॅन्सर निघालाच, तरी एवढी गाठ अनेकदा सुईतूनच उष्णता देऊन जाळता येते. जळगाव वा धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात विचारा. सोय नसेल तर परळचं टाटा रुग्णालय गाठा. उशीर मात्र करू नका.