आधी ती खसखस बाहेर काढ

आधी त्या डब्यातली खसखस बाहेर काढ बघू. हो, अनारशांवरचीसुद्धा. आईला वाईट वाटेल, पण अमेरिकेला जाताना तुझं विमान दुबईवरून जातंय आणि तिथे खसखस आणायला बंदी आहे. कस्टमच्या माणसाला अनारसा म्हणजे काय ते समजावत बसशील आणि तिकडे पुढचं विमान उडून जाईल. दुसरं कारण त्याहून मोठं. खसखशीत मॉर्फिनचे अंश असू शकतात आणि स्पर्धेच्या काळात मॉर्फिन निषिद्ध असतं. शर्यतीच्या आदल्या रात्री अमेरिकेतल्या कुणा मराठी काकूंकडे खसखशीचा रस्सा ओरपलास आणि दुसऱ्या दिवशी नेमका तुझाच नमुना घेतला, तर नसती भानगड. डिंकाचे लाडू ने गं, पण खसखस वगळून करायला सांग.

आता ती खोकल्याची बाटली. आपल्याकडच्या कित्येक खोकल्याच्या औषधांत टर्ब्युटालीन असतं आणि ते तर स्पर्धा असो नसो, कायमच निषिद्ध. निषिद्ध औषधांची जागतिक यादी दर वर्षी १ जानेवारीला नवी लागू होते, आणि अमेरिकेतल्या कॉलेज स्पर्धांची, म्हणजे एनसीएएची यादी वेगळी. दोन्हीकडे चालत असेल तेच तोंडात घालायचं. आपल्या नाडाचं, म्हणजे राष्ट्रीय डोपिंगविरोधी संस्थेचं, 'नो युअर मेडिसिन' नावाचं ॲप आहे, ते आजच फोनवर घे. शेजारच्या आजींनी प्रेमाने दिलेलं शक्तीचं चूर्ण मात्र नमस्कार करून इथेच ठेव. अंगात निषिद्ध काही सापडलं की जबाबदार तूच, मग ते कुणी का दिलेलं असेना.

खरं सांगू का, तुझ्या पळण्याची मला काळजी नाही. काळजी आहे ती तुझ्या गप्प बसण्याची. इथे मैदानावर तुझं पाऊल कसं पडतंय यावरून सरांना कळतं की पोटरी धरलीय. घरी ताटात अर्धी पोळी उरली की आईचा हात तुझ्या कपाळावर. तिथली माणसं वाईट नसतात, बघ, पण तोंडाने सांगितल्याशिवाय कुणी काही ओळखत बसत नाही. कोच विचारणार, कसं वाटतंय? तू म्हणणार, 'गुड, कोच.' झालं! तो पुढचं चारशे मीटर लावायला मोकळा. सोसणारी मुलगी गुणाची, असं आपल्याला लहानपणापासून ऐकवलंय ना, ते सामानात भरू नकोस.

सगळ्यात आधी बोलायचं ते पाळीबद्दल. लाजू नकोस, मी ताई आहे तुझी. आपल्याकडे पळणाऱ्या मुली पाळी थांबली की म्हणतात, 'बरं झालं, कटकट गेली.' बरं नाही झालं! जितकं पळतेस त्या मानाने खात नाहीस, म्हणून शरीर काटकसर करायला लागलंय. आधी पाळी जाते, मग हाडं बोलतात. २०१४ साली आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने याला रेड-एस असं नाव दिलं. मेरी केन नावाची अमेरिकन मुलगी सतराव्या वर्षी, २०१३ला, मॉस्कोच्या जागतिक स्पर्धेत धावली. पुढे एका नामांकित प्रशिक्षण गटात गेली आणि तिथे तिच्या मागे वजन कमी करण्याचा धोशा लागला. तीन वर्षं पाळी नव्हती आणि पाच हाडं मोडली, हे तिने २०१९ला स्वतः जाहीरपणे सांगितलं. म्हणून एक कर. तारखा लिहून ठेव, आणि पाळी चुकायला लागली की टीमच्या ॲथलेटिक ट्रेनरकडे जा. ती व्यायाम घेणारी बाई नव्हे, दुखापती बघणारी असते आणि डॉक्टरांपर्यंत तीच पोचवते. रक्त तपासताना नुसतं हिमोग्लोबिन नको, फेरिटिनही बघा म्हणावं. तू शाकाहारी आहेस, लोह कमी पडायला वेळ लागत नाही.

खाण्याचं फार मनावर घेऊ नकोस. डायनिंग हॉलमध्ये राजमा, छोले, अंडी, दही, टोफू, पीनट बटर असं काहीबाही मिळतं. ताट आपल्या लग्नातल्या पाहुण्यासारखं भरायचं, शेजारची मुलगी चार पानं चघळत असली तरी. बिनखसखशीचा गोडा मसाला आणि मेतकूट ने. खोलीत मोहरीची फोडणी मात्र टाकू नकोस. धुराचा भोंगा वाजतो, अख्खी इमारत पायजम्यात रस्त्यावर येते आणि बंबही येतो. मला कसं माहीत ते विचारू नकोस.

आता अभ्यास आणि सराव. नियम सांगतो, हंगामात आठवड्याला २० तास, दिवसाला जास्तीत जास्त ४ आणि एक दिवस सुट्टी. ऐकायला सोपं वाटतं. पण बसमधला प्रवास त्यात धरत नाहीत, ट्रेनरकडे पाय बर्फात घालून बसलेला वेळही नाही. आणि तुम्हा लांब पल्ल्याच्या मुलींना मोकळा हंगामच नसतो. शरदात क्रॉस कंट्री, हिवाळ्यात २०० मीटरच्या इनडोअर ट्रॅकवर गरगर, मार्चपासून बाहेरचा ट्रॅक. म्हणून पहिल्याच आठवड्यात प्रत्येक विषयाचा सिलॅबस हातात आला की शर्यतींचं वेळापत्रक शेजारी ठेव. ज्यांच्या परीक्षेच्या दिवशी तू प्रवासात असशील त्या प्राध्यापकांना तेव्हाच जाऊन भेट. आदल्या दिवशी रडवेली ईमेल पाठवणारी मुलं त्यांना पाठ असतात.

एक विषय अगदी डोईजड झाला आणि कुणी सहज म्हणालं, 'सोडून दे की तो,' तर तिथेच थांब. एफ-वन व्हिसावर सत्राला किमान १२ क्रेडिट लागतात. त्याच्या खाली गेलीस तर व्हिसा अडचणीत येतो आणि शर्यतीची पात्रताही. आधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांच्या ऑफिसात विचारायचं, मग हात लावायचा. कुणी बुटांची जाहिरात कर, पैसे देतो म्हणालं तरीही आधी तिथेच. संघातल्या अमेरिकन मुली बिनधास्त करतात, पण व्हिसावरच्या मुलीला ते महागात पडू शकतं. आणि शिष्यवृत्तीचा कागद बाबांबरोबर बसून वाच. एका वर्षाची आहे की चार वर्षांची? दुखापत झाली तर काय? भिडेपोटी विचारायचं राहिलं, असं नको.

थंडीचं काय सांगू! तिथे शिकायला गेले तेव्हा पहिल्या वर्षी मी फोनवर 'आज ४०' वाचलं आणि अकोल्याची मुलगी बिनबाह्यांच्या बनियनवर सरावाला हजर. आपल्याकडच्या ४०ला माणूस खिशात कांदा ठेवतो. तिथलं ४० फॅरेनहाइटमधलं, म्हणजे आपलं जेमतेम साडेचार. हातमोजे घे, बाई.

पहिल्या वर्षी तुझी वेळ घसरली तर घाबरायचं नाही. नवं अंथरूण, नवा सराव, वर इंग्रजीतून अर्थशास्त्र, शरीर गोंधळणारच. उंच उडीवाला तेजस्विन शंकर कॅन्सस स्टेटकडून २०१८ला एनसीएएचा मैदानी विजेता झाला, तेही पहिल्याच वर्षी. तेच विजेतेपद पुन्हा मिळालं २०२२ला. आपली ऋतुजा भोसले टेक्सस ए अँड एममधून टेनिस खेळली आणि आशियाई सुवर्ण गळ्यात पडलं ते २०२३मध्ये, रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीत. मधल्या वर्षांची बातमी होत नाही गं, पण ती घालवावी लागतातच.

रडू येईल. येऊ दे. पण बंद दाराआड रोज यायला लागलं, झोप उडाली, तर विद्यापीठाच्या समुपदेशकाकडे वेळ घ्यायची. त्यात कमीपणा कसला?

फोनचं आत्ताच ठरवून टाक. सकाळचा सराव उरकून तुझे ९ वाजतात तेव्हा घरी संध्याकाळचे साडेसात, आईची कुकर लावायची वेळ. ती वेळ पक्की कर. फक्त नोव्हेंबरात तिथली घड्याळं तासभर मागे जातात आणि तुझे ९ म्हणजे आपले साडेआठ होतात. हे तिला आधी सांगून ठेव, नाहीतर ती साडेसातपासून फोन मांडीवर घेऊन बसेल आणि पावणेआठला मला विचारेल, पोरगी कुठे आहे म्हणून.